अकरावा आला, तेही छापा

मा. संपादक,


टोकियोतली जागतिक मैदानी स्पर्धा सप्टेंबर २०२५ मध्ये संपली आणि भारताचा चमू पदकाविना परतला. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी उरणहून नेरुळला निघालेल्या लोकलमध्ये समोरच्या बाकावरचे गृहस्थ पेपर घडी करत म्हणाले, "एकही पदक नाही. मग जातात कशाला? आपल्या पैशाने जपान बघायला?" डब्यातल्या बऱ्याच माना डोलल्या. मी गप्प बसलो. उत्तर जुळेपर्यंत बामणडोंगरी आले आणि गृहस्थ उतरून गेले, म्हणून हे पत्र.

त्याच टोकियोत निफाड तालुक्यातल्या देवगावचा सर्वेश कुशारे उंच उडीत २.२८ मीटर पार करून जगात सहावा आला. त्याआधी या स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत भारताचा एकही पुरुष उंच उडीपटू पोहोचला नव्हता. वर्षभरापूर्वी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हाच सर्वेश २.१५ वर अडकला होता आणि पात्रता फेरीतूनच परतला होता. तेव्हा त्याला "कशाला गेलास?" असे विचारून पुढच्या खेपेला घरी बसवले असते, तर हा सहावा क्रमांक आला कुठून असता?

यात एक तांत्रिक बाब आहे आणि ती लोकांपर्यंत पोहोचत नाही. टोकियोत उंच उडीत थेट प्रवेशासाठी २.३३ मीटरचा निकष होता. सर्वेशने तेवढी उडी तोवर कधीच मारलेली नव्हती. तो गेला जागतिक क्रमवारीच्या जोरावर. या क्रमवारीत कामगिरीचे गुण असतात, तसे क्रमांकाचेही असतात, आणि स्पर्धा जेवढी मोठी तेवढे क्रमांकाचे गुण जास्त. म्हणजे गावातल्या मैदानावर कितीही घाम गाळला तरी बाहेर जाऊन खेळल्याशिवाय क्रमवारी वर सरकत नाही. पदकाची खात्री असेल तरच पाठवू, असे म्हणणे म्हणजे पोहायला आले की मग विहिरीत उतर म्हणण्यासारखे आहे.

बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पाहा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तरी प्राथमिक फेरीतच बाद झाला. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० ची वेळ देऊन केनियाच्या मक्तेदारीत घुसून त्याने रौप्य आणले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या पाच शतांशाने. २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण. पॅरिसला अंतिम फेरीत अकरावा. त्याच्याआधी माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. हे दहावे-अकरावे क्रमांक आपण अपयशाच्या खात्यात मांडतो. माझ्या मते हा हिशेबच चुकीचा आहे.

खर्चाचे म्हणाल तर हा वाद नवा नाही. १९२० मध्ये अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा पहिला चमू गेला तो पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर धावणाऱ्या पोरांना पाहून. दोराबजी टाटांनी पदरचे पैसे घातले. बेळगावचे चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, वेळ २ तास ५० मिनिटे. हे पैसे वाया गेले असे आज कुणी म्हणेल का?

एक मात्र मान्य करतो. उत्तेजकांच्या चाचणीत दोषी ठरलेल्यावर दया नको. २०२३ च्या जागतिक आकडेवारीत पाच हजारांहून जास्त चाचण्या करणाऱ्या देशांत दोषी नमुन्यांचे आपलेच प्रमाण सर्वाधिक, ३.८ टक्के निघाले. संताप करायचाच तर त्याचा करा.

पदके हवीत तर तळाकडेही पाहा. आमच्या उरणमध्ये पहाटे साडेपाचला द्रोणागिरीच्या रस्त्यांवर पोरे-पोरी धावताना दिसतात. एका बाजूला कंटेनरचे ट्रेलर ओळीने उभे, दुसऱ्या बाजूला ही पोरे, हातात मोबाइलचे स्टॉपवॉच. पोलीस भरतीची धाव हेच त्यांचे ऑलिम्पिक. भरती झाली की धावणे संपले, नाही झाली तरी संपले. यातल्या एखाद्याला त्याची वेळ राज्य पातळीची आहे का, हे सांगणारे कुणी नाही. बंदरासाठी, गोदामांसाठी, रेल्वेसाठी, मुंबईला जोडणाऱ्या सागरी सेतूसाठी या तालुक्याने जमीन दिली. त्यातून ४०० मीटरचा एक धड ट्रॅक मागितला तर ती भीक ठरू नये.

आपल्या वृत्तपत्राकडे मात्र माझे मागणे वेगळे आहे, आणि त्याला जमीन लागत नाही. २०२६ च्या सप्टेंबरात आयची-नागोयाला आशियाई स्पर्धा आहेत. त्या काळात आपल्या क्रीडापानावर रोज एक छोटी चौकट द्या. त्यात मैदानी स्पर्धेत उतरलेल्या प्रत्येक भारतीयाचे नाव, गाव, क्रमांक आणि वेळ किंवा अंतर छापा, मग तो चौथा असो की चौदावा. पेपर आमच्या लोकलमध्ये हातोहात फिरतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, उरण (जि. रायगड)