देखरेखीच्या वाटेनेच घुसखोरी

मुंबई, खास प्रतिनिधी - बँकांच्या शाखा, रुग्णालये, वीज उपकेंद्रे, दुकाने अशा विखुरलेल्या ठिकाणच्या संगणकांवर दूरवरून लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर आता सर्वत्र रूढ झाले आहे. मात्र पहाऱ्यासाठी टाकलेली ही जोडणीच घुसखोरांचा राजमार्ग ठरू शकते, हे २०२० आणि २०२१ मधील दोन प्रकरणांनी दाखवून दिले. तरीही ही जोडणी कोणत्या अटींवर उभारायची, हा निर्णय अनेक संस्थांमध्ये कंत्राटदाराच्या तंत्रज्ञावरच सोपविला जातो.

या यंत्रणेची रचना तशी साधी आहे. मुख्यालयात एक सर्व्हर असतो आणि दूरच्या प्रत्येक संगणकावर 'एजंट' म्हणून ओळखला जाणारा छोटा प्रोग्राम बसविलेला असतो. डिस्क किती भरली, एखादी सेवा बंद पडली काय, ही माहिती एजंट पुरवितो. सर्व्हर एजंटकडे जाऊन विचारणा करतो किंवा एजंट स्वतःहून सर्व्हरला कळवितो, असे जोडणीचे दोन प्रकार आहेत. 'झॅबिक्स' या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी अनुक्रमे १००५० आणि १००५१ हे पोर्ट ठरलेले आहेत. पहिल्या प्रकारात प्रत्येक शाखेच्या फायरवॉलमध्ये बाहेरून आत येण्याचे दार ठेवावे लागते. शंभर शाखा असतील तर शंभर दारे. दुसऱ्या प्रकारात शाखेचे दार बंद राहते, उघडे असते ते केवळ मुख्यालयाचे. दूरच्या ठिकाणांसाठी म्हणूनच दुसरा प्रकार अधिक सोयीचा मानला जातो.

परंतु केवळ दिशा ठरवून भागत नाही. 'कॅसेया' या कंपनीच्या देखरेख सॉफ्टवेअरवर २ जुलै २०२१ रोजी झालेला हल्ला याचे ठळक उदाहरण आहे. 'आरईव्हिल' टोळीने शाखांच्या दारांकडे ढुंकूनही पाहिले नाही. इंटरनेटवर उघडे असलेले मुख्य सर्व्हर तिने ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी एजंटना 'सुधारणा' म्हणून खंडणीखोर प्रोग्राम धाडला. एजंटनी तो निमूटपणे चालविला, कारण सर्व्हरची आज्ञा पाळणे हेच त्यांचे काम होते. थेट फटका बसलेले ग्राहक साठहून कमी होते, पण त्यांच्यामार्फत सेवा घेणाऱ्या सुमारे दीड हजार व्यवसायांपर्यंत हे लोण पोहोचले. स्वीडनमधील 'कूप' या दुकानसाखळीला सुमारे ८०० दुकाने बंद ठेवावी लागली. 'कूप' ही कॅसेयाची थेट ग्राहकही नव्हती. तिच्या गल्ल्यावरील यंत्रे सांभाळणाऱ्या पुरवठादाराच्या साखळीत हे सॉफ्टवेअर होते. विशेष म्हणजे, एजंटच्या कामाचा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळावा, अशी शिफारस खुद्द निर्मात्यांचीच होती. पहारेकऱ्याची झडती कोण घेणार!

त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये 'सोलरविंड्स' कंपनीच्या 'ओरायन' या देखरेख सॉफ्टवेअरचे प्रकरण उघडकीस आले होते. तेथे तर निर्मात्याच्या अधिकृत अपडेटमध्येच छुपा प्रोग्राम मिसळण्यात आला होता. सुमारे १८ हजार ग्राहकांनी तो उतरवून घेतला. अमेरिकी सरकारच्या नऊ खात्यांमध्ये प्रत्यक्ष शिरकाव झाला. अखेर ओरायन तातडीने तोडून टाका, असा आदेश तेथील सायबर सुरक्षा संस्थेला काढावा लागला. म्हणजे संकटाच्या ऐन घडीला या खात्यांना आपल्याच जाळ्यावर नजर ठेवणारे साधन बंद करणे भाग पडले.

या दोन्ही प्रकरणांत कळीचा मुद्दा अधिकाराचा आहे. माहिती वाचणे आणि हुकूम चालविणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी दिलेल्या जोडणीला दुसऱ्याचीही मुभा सोयीसाठी दिली जाते आणि तेथेच घात होतो. झॅबिक्सच्या एजंटमध्ये दूरवरून हुकूम चालविण्याची सोय मुळात बंद ठेवलेली असते, हे योग्यच. मात्र त्याच सॉफ्टवेअरमध्ये २०१६ पासून असलेली सांकेतिक संवादाची सोयही आपणहून सुरू करावी लागते.

मुंबईकरांना हा विषय परका नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी महानगर परिसराची वीज गेली, लोकल ठप्प झाल्या. वीज कंपनीच्या सर्व्हरमध्ये १४ 'ट्रोजन' आढळल्याचे 'महाराष्ट्र सायबर'च्या प्राथमिक अहवालाच्या आधारे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी मार्च २०२१ मध्ये सांगितले. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र ही मानवी चूक असल्याचे सांगून सायबर हल्ल्याचा दावा फेटाळला. वाद बाजूला ठेवला तरी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने वीज क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि नियंत्रण यंत्रणा इंटरनेटशी जोडलेल्या यंत्रणांपासून अलग ठेवण्यास सांगितले.

इतर क्षेत्रांसाठी 'सर्ट-इन'चे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवावी आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात, असे त्यात म्हटले आहे. सहा तासांच्या अटीवर उद्योगांनी बरीच ओरड केली, नोंदींच्या मुदतीची चर्चा त्या मानाने कमी झाली. ओरायनचे दूषित अपडेट मार्च २०२० पासून वाटले जात होते आणि छडा लागला तो डिसेंबरमध्ये. १८० दिवसांचा हिशेब तेथे लावला असता, तर पहिल्या शिरकावाच्या नोंदी त्याआधीच पुसून टाकण्यास नियमाची आडकाठी नसती.