पांढऱ्या पेस्टची बाजू

‘सेरॅमिक पेस्ट ही ऑफिसच्या खटाऱ्यांसाठी. मशीनची काळजी असेल तर चांदीवालीच मारा.’ प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा हीट सिंक यांच्यामध्ये लावायच्या पेस्टबद्दल आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातले एक जाणकार संधी मिळेल तिथे हे सांगत असतात. त्यांचे मुद्दे तीन. चांदीइतकी उष्णता दुसरा कुठलाच धातू वाहून नेत नाही. सेरॅमिक म्हणजे शेवटी माती, आणि माती उष्णता अडवते. शिवाय ही पांढरी सेरॅमिक पेस्ट वाळते. ग्राहक मान डोलावतो आणि जास्तीचे पैसे मोजतो. मला याचा राग येतो, कारण पैसे मोजणारा बहुतेक वेळा ६५ वॅटच्या प्रोसेसरवर टॅली चालवणारा दुकानदार असतो.

वाळण्याचं आधी संपवू. वाळतं ते पेस्टमधलं तेल. तेल हलकं असेल तर चांदीवालीही तशीच खडखडीत होते.

आता माती. चिनी मातीच्या कपात चहा गरम राहतो, हा यांचा पुरावा! ॲल्युमिनियम ऑक्साइड हे पांढऱ्या पेस्टमधलं नेहमीचं सेरॅमिक. त्याची उष्णतावाहकता सुमारे ३० वॅट प्रति मीटर-केल्विन, म्हणजे आपल्या घरातल्या स्टेनलेस स्टीलच्या जवळपास दुप्पट. ॲल्युमिनियम नायट्राइड तर १५०च्या वर जातं, म्हणूनच मोठ्या विद्युतभाराच्या सर्किटांखाली त्याच्या पट्ट्या बसवतात. धातूत उष्णता मुख्यतः इलेक्ट्रॉन वाहतात, अशा स्फटिकांत ती अणूंच्या जाळीच्या कंपनांतून जाते. हिरा वीज वाहू देत नाही, तरी उष्णता नेण्यात तो चांदीला कितीतरी मागे टाकतो. वीज अडवणारं ते उष्णताही अडवणारच, हा समज शाळेतल्या तक्त्यावरून पाठ झालेला आहे आणि तो इथे लागू पडत नाही.

खरा वाद चांदीचा. चांदीचा आकडा सुमारे ४३०, हे बरोबर. पण सिरिंजमध्ये चांदीची वडी नसते, तेलात कालवलेली चांदीची भुकटी असते. सिलिकॉन तेलाचा आकडा ०.१५च्या आसपास. कणाकणांमध्ये तेलाची फट राहते आणि उष्णतेला ती ओलांडावीच लागते. त्यामुळे चांदीच्या पेस्टचा आकडा एकदम एक आकडी होतो. चांगल्या सेरॅमिक पेस्टचाही एक आकडीच असतो.

तरी चांदीवालीला ८ देऊ आणि सेरॅमिकला ४च देऊ. हिशेब सोपा आहे: थराची जाडी भागिले वाहकता आणि क्षेत्रफळ, गुणिले वॅट. प्रोसेसरचं झाकण ९ चौरस सेंटिमीटर, थर ०.०५ मिलिमीटर, भार ६५ वॅट. सेरॅमिकच्या थरात तापमान ०.९ अंशाने वाढतं, चांदीच्या थरात ०.४५ने. फरक अर्ध्या अंशाचा. उष्णता झाकणाच्या मधोमध जास्त असते म्हणून दुप्पट धरा, तरी एक अंश. आता तीच चांदीची पेस्ट ०.२ मिलिमीटर जाड थापा, जशी ती कित्येक मशीनांत थापलेली मी बघतो. वाढ १.८ अंश! म्हणजे पातळ लावलेल्या साध्या सेरॅमिकच्या दुप्पट. डब्यावरच्या आकड्याची सगळी फुशारकी त्या जाडीत संपते.

हा धडा जुना आहे. २०१२ साली इंटेलने आयव्ही ब्रिज प्रोसेसरांत झाकणाखालचं सोल्डर काढून पेस्ट घातली आणि चिप्स तापू लागल्या. सगळ्यांनी पेस्टला शिव्या घातल्या. धीर करून ज्यांनी झाकण उघडलं त्यांना कडेचा काळा गोंद दिसला. त्या गोंदामुळे झाकण किंचित वर राहत होतं आणि मधला थर जाड होत होता. तेव्हाही हेच जाणकार ‘हलकी पेस्ट, हलकी पेस्ट’ म्हणत होते. पेस्टचा ठिपका मोहरीएवढा की वाटाण्याएवढा, यावरही त्यांनी असेच वाद घातले. हीट सिंकचे चारही स्क्रू एकसारखे आवळले आहेत का, हे मात्र विचारलं नाही.

आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, त्याचं काय? पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही. सिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला असतो. ब्लोअर मारून तो काढला की जेवढं तापमान उतरतं, त्याच्यापुढे अर्धा अंश कुठे मोजायचा?

सेरॅमिकच्या बाजूने माझं म्हणणं फार मोठं नाही. ती वीज वाहत नाही. लॅपटॉपची चिप उघडी असते आणि तिच्या कडेला तांदळाच्या कणीहून लहान कपॅसिटर ओळीने बसवलेले असतात. दाबाखाली पेस्ट तिथपर्यंत ओघळतेच. पांढरी ओघळली तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायची, संपलं. करडी चांदीवाली ओघळली की पोटात गोळा येतो. २००१च्या ॲथलॉन एक्सपी प्रोसेसरवर तर वरच्या बाजूलाच वीजजोडणीचे उघडे पूल होते, आणि त्याच्या आधीच्या ॲथलॉनवरचे तसलेच पूल लोक पेन्सिलीच्या रेघेने जोडत. अशा जागी धातूची पेस्ट न्यायची? आर्क्टिक सिल्व्हर या चांदीच्या पेस्टसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीने सेरामीक नावाची बिनधातूची पेस्टही काढली, ती उगीच नाही.

२५० वॅट ओढणारा प्रोसेसर मर्यादेपलीकडे पळवणाऱ्यांनी हवी ती पेस्ट घ्यावी, गॅलियमचा द्रवधातूही घ्यावा, फक्त ॲल्युमिनियमच्या सिंकवर लावू नये, तो सिंक खातो. शाळेच्या लॅबमधली मशीनं, बँकेच्या खिडकीमागची मशीनं, घरातला मुलांचा पीसी यांना पांढरी पेस्ट पुरते. जुनी पेस्ट पूर्ण खरवडा, मधोमध एक ठिपका द्या, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत न्या. एएम४ सॉकेटचं मशीन असेल तर सिंक काढण्याआधी दहा मिनिटं चालवून गरम करा आणि बंद केल्यावर सिंक हलकेच फिरवून सोडवा. सरळ उपटलात तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही पिनांसकट वर येतो.