गरज सरो, वीरांगना मरो

रणभूमी हे पुरुषाचेच क्षेत्र होय, असे सांगणारे निसर्गाचा दाखला देतात. परंतु संकट ओढवले की राज्यकर्त्यांना या निसर्गाचा विसर पडतो. ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन फौजा मॉस्कोच्या रोखाने येत असता सोव्हिएत सरकारने मरिना रास्कोव्हा यांच्या पुढाकाराने स्त्रियांची तीन हवाई पथके उभारली. त्यांपैकी रात्री बाँबफेक करणारे पथक लाकूड-कापडाच्या, मुळात शिकाऊ वैमानिकांसाठी बांधलेल्या 'पो-२' विमानांतून लढले. त्याने युद्ध संपेतो २३,००० हून अधिक उड्डाणे केली. लाल सेनेत एकूण सुमारे ८ लाख स्त्रिया होत्या.

विजय मिळाला आणि निसर्ग पुन्हा आठवला! जुलै १९४५ मध्ये कालिनिन यांनी सेनामुक्त स्त्रियांना, स्वतःच्या कामगिरीविषयी बोलू नका, असा उपदेश केला. ऑक्टोबरात ते पथकही बरखास्त झाले. हे घडले ते १९३६ च्या घटनेने स्त्रीपुरुष समतेची ग्वाही दिलेल्या राज्यात, ही गोष्ट समाजवाद्यांनी तरी झाकून ठेवू नये. तेजीत स्त्रीला कामावर घ्यावयाचे व मंदीत प्रथम तिलाच कमी करावयाचे, हा कारखानदारीतला न्यायच तेथे सैन्यात लागू झाला.

भारतात १९९२ पासून स्त्रिया भूसेनेत अधिकारी होऊ लागल्या. त्यांना कायम नेमणूक व हुकमतीची पदे देण्याच्या प्रश्नावर केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात काय सांगावे? बहुसंख्य जवान ग्रामीण भागातले असून स्त्रीची हुकमत स्वीकारण्याची त्यांची मानसिक तयारी नाही! वरिष्ठांचा पूर्वग्रह शेतकऱ्याच्या मुलाच्या माथी मारण्याचाच हा प्रकार होता. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला. मात्र प्रत्यक्ष लढाऊ दलांचा प्रश्न त्या निकालाच्या कक्षेबाहेरच राहिला.

काही कार्यकर्ते विचारतात, युद्धविरोधकांनी रणांगणातील समान वाटा कशासाठी मागावा? प्रश्न सात्त्विक दिसतो, पण फसवा आहे. खाणीतले काम जीवघेणे आहे म्हणून खाणकामगाराला समान वेतन नाकारा, असे कोणी म्हणत नाही. युद्धाला विरोध करावा तो स्त्रीपुरुष दोघांच्या वतीने. परंतु सैन्य आहे तोवर हुद्दा, वेतन व निवृत्तिवेतन यांत स्त्रीचा हक्क शांततेच्या काळातही अबाधित राहिला पाहिजे. संकटकाळी मिळणारी आणि विजयानंतर काढून घेतली जाणारी समता ही समता नव्हे, ती उसनवारी आहे.