माथेरानचा चढ फक्त वॉटने सुटत नाही



माथेरानच्या ई-रिक्षांना जास्त वॉटची मोटर बसवली की चढाचा प्रश्न मिटेल, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत अपुरे आहे.

७०० किलोची भरलेली रिक्षा दर १० मीटरला १ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १० किलोमीटरने न्यायला, केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्धच, सुमारे १.९ किलोवॉट लागतात. पण मोटरचा जोर ठरतो कंट्रोलर सोडेल त्या करंटवर. करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली उष्णता चौपट होते. म्हणून त्याच करंटमध्ये चाकाला जास्त जोर मिळेल असे गिअरचे प्रमाण आधी बदलावे, कंट्रोलरची मर्यादा नंतर वाढवावी.

उतारावर मोटर वीज परत देते; पूर्ण भरलेली बॅटरी मात्र ती घेत नाही. यांत्रिक ब्रेक दणकटच हवेत.

ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. हातरिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा सोपवण्याआधी दस्तुरी नाक्यापासून माथेरानमध्ये जाणाऱ्या रस्त्यावर पूर्ण भाराने तिची चाचणी घ्यावी.

– एक वाचक, कर्जत