मूल होत नाही? मग नवऱ्याची तपासणी कधी?

आपल्या जव्हार-मोखाड्यात लग्नाला तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की बाईची वणवण सुरू. आधी भगत, मग खाजगी दवाखाना, मग नाशिकला सोनोग्राफी. तोवर घरात ‘दुसरी कर’ची कुजबुज चालू झालेली असते. नवरा दवाखान्यापर्यंत आलाच तर बाहेर मोटरसायकलवर बसून राहतो.

मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण असतं. त्यातलं वारंवार सापडणारं आणि बऱ्याचदा दुरुस्त होणारं कारण म्हणजे व्हेरिकोसील. पायावरच्या शिरा फुगतात ना, तशाच अंडकोशातल्या फुगतात, बहुतेक वेळा डाव्या बाजूला. रक्त साचतं, उष्णता वाढते. शुक्रजंतू नीट तयार व्हायला ती जागा शरीरापेक्षा दोन-तीन अंश गार लागते. बहुतेकांना काही दुखत नाही, संबंधातही अडचण येत नाही. त्यामुळे ‘मी धडधाकट आहे’ असं तो म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो, पण शुक्रजंतूंचं त्यावरून काही कळत नाही. आणि दोष त्याच्याकडे असेल तर दुसरी बायको करून काय होणार? (हायड्रोसील वेगळं हो, त्यात पाणी भरतं. आपण सगळ्याच सुजेला हायड्रोसील म्हणतो.)

ऑपरेशन सगळ्यांनाच लागत नाही. शंभरात पंधरा पुरुषांना हा त्रास असतो आणि त्यातल्या बहुतेकांना मुलं होतात. शिरा हाताला लागतात, वीर्य तपासणीत दोष आहे आणि मूल होत नाही, अशा वेळी ऑपरेशनचा विचार. पहिल्याच भेटीत तारीख देणाऱ्या शहरातल्या दवाखान्यापासूनही जपून.

आता मुद्द्याचं. हे ओळखायला मोठी मशीन लागत नाही. दार लावायचं, माणसाला उभं करायचं, कुंथायला सांगून हाताने तपासायचं. वीर्य तपासणीला मायक्रोस्कोप, मोजणीची काच आणि शिकलेला टेक्निशियन. टीबीचा बेडका आणि हिवतापाचं रक्त आपण मायक्रोस्कोपखाली बघतोच की! मग जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात आणि मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस पुरुषांसाठी का असू नये? गावात हे बोलायचं काम मात्र आशाताईंच्या गळ्यात मारू नका. पुरुष आरोग्यसेवकांना द्या.

आणि वेळ पावसाळ्याची धरा. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून एका रिपोर्टवर निकाल लावता येत नाही, फेरतपासणी लागतेच. लावणी उरकली की पहिली तपासणी, दिवाळीच्या आत दुसरी. एकदा माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर गेली की कोण परत येणार? भट्टीच्या धगीपाशी राबणाऱ्यांची तपासणी तर आधी व्हायला हवी, कारण सततच्या उष्णतेनेही शुक्रजंतू कमी होतात.

पंचायत समितीच्या येत्या आमसभेत हा विषय कुणीतरी मांडा. लोक हसतील, हसू द्या. तारीख आणि वार ठरवूनच खाली बसा.