टर्बो बसविण्यापूर्वी ब्रीदर पाहा



गळीत हंगाम जवळ आला की वाहनधारक सभासद गाडीच्या कामाला लागतात. त्यात हल्ली एक प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतो : "साहेब, जुन्या ट्रकला टर्बो बसवून घ्यावा का?" हा प्रश्न खरा मेस्त्रीचा. परंतु भरलेली गाडी रस्त्यात बसली की वाळतो तो ऊस, आणि उसाची काळजी वाहणे हे आमचे काम. म्हणून या विषयावर आमचे मत स्पष्ट मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

टर्बोला आमचा विरोध नाही. आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनियरने त्याचे पेटंट १९०५ साली घेतले, आणि आज कंपनीतून येणारे ट्रक टर्बोसहच येतात. काळ्या रानातून भरलेली गाडी पहिल्या गियरमध्ये बाहेर काढताना, किंवा वणीकडचा चढ चढताना, टर्बोचे बळ कळते. हरकत आहे ती अर्धवट कामाला. कंपनी टर्बोचे इंजिन बनवते तेव्हा पिस्टन, रिंगा, तेलाचा पुरवठा आणि ब्रीदर यांची सांगड त्या हिशेबाने घातलेली असते. आपण जुन्या इंजिनावर नुसता टर्बो चढवतो आणि ब्रीदरचा पाईप जिथल्या तिथे ठेवतो. खरा घोटाळा इथेच होतो.

गुऱ्हाळाच्या चुलवाणाचे उदाहरण घ्या. धुराडे तुंबलेले असताना जाळ वाढवला तर धूर जळव्याच्या तोंडावर येतो. इंजिनाचेही तसेच. सिलिंडरमधला थोडा वायू रिंगांच्या फटीतून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतोच. मेस्त्री लोक याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. हा वायू बाहेर जाण्याची वाट म्हणजे ब्रीदर. टर्बोमुळे सिलिंडरमधला दाब वाढतो, खाली उतरणारा वायूही वाढतो, पण वाट मात्र तेवढीच राहते. मग दाब दुसरी वाट शोधतो. ऑईल सील गळतात, डिपस्टिक वर उचलली जाते, इंजिन तेलाने माखते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेते आणि ती तेलावर चालते. हे तेल पंपाच्या दाबाने वर जाते, पण परत येते ते आपल्या वजनाने, उतारावरच्या पाटासारखे. चेंबरमध्ये दाब साठला की परतीचे तेल अडते, टर्बोच्या सीलमधून फुटते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मालक म्हणतो, "टर्बो गेला." नवा टर्बो बसतो, पैसे जातात आणि आठ दिवसांत पुन्हा तोच धूर. दोष टर्बोचा नसून तुंबलेल्या वाटेचा असतो.

तेव्हा आमच्या सूचना अशा :

रिंगा झिजलेल्या इंजिनाला टर्बो बसवूच नये. आधी इंजिनाचे काम करावे.

ब्रीदरचा पाईप इनटेक मॅनिफोल्डला जोडलेला असेल तर तो तेथून काढलाच पाहिजे. टर्बो बसल्यावर त्या जागी दाबाची हवा असते, ती उलटी चेंबरमध्ये शिरते.

टर्बोच्या अलीकडे, हवेच्या पाईपात तो जोडायचा असल्यास मध्ये जाळीचा तेल अडवणारा डबा हवा. नाहीतर तेलाची वाफ टर्बोच्या पंख्यावर आणि इंटरकूलरमध्ये बसते. ही अडचण एवढी खरी की अमेरिकेतसुद्धा टर्बोच्या जड डिझेल इंजिनांना ब्रीदर बंदिस्त करण्यातून २००७ पर्यंत सूट होती.

पाईप मोकळा खाली सोडणे सर्वांत सोपे. मात्र तो मूळ मापापेक्षा बारीक नको, त्याला मध्ये झोळ नको आणि तोंड चिखलाने बुजता कामा नये. त्याचे तेल तापलेल्या टर्बोवर किंवा सायलेन्सरवर टपकता कामा नये. गाडीवर पाचट असते, हे विसरू नये.

टर्बोच्या तेलाचा परतीचा पाईप रुंद आणि सरळ उताराचा असावा, आणि चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर उघडावा.

दाब मोजायला महागडे यंत्र लागत नाही. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून त्यात निम्मे पाणी भरावे. एक टोक डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवावे, दुसरे मोकळे ठेवावे. गरम इंजिन पूर्ण वेगात चालवून दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक वहीत लिहावा, टर्बोपूर्वी आणि टर्बोनंतरही. मर्यादा कंपनीच्या पुस्तकात पाहावी. फरक वाढलेला दिसला तर ब्रीदरचा पाईप सोडून पुन्हा पाहावे. दाब उतरला तर पाईप तुंबलेला. पाईप सोडूनही धुराचा लोट येत असेल तर रिंगा गेल्या.

एक धोका ड्रायव्हर मंडळींना सांगून ठेवावा. फार तेल हवेच्या वाटेने आत गेले तर डिझेल बंद केले तरी इंजिन स्वतःच्या तेलावर भरधाव सुटते. अशा वेळी हवेचे तोंड फळीने बंद करावे, हाताने किंवा फडक्याने कधीही नाही. ते जमत नसेल तर वरचा गियर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून, क्लच सोडावा.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला परस्पर करता येत नाही. परिवहन कार्यालयात आधी विचारावे.

काही सभासद म्हणतील, "गाडी आमची, कारखान्याचा काय संबंध?" संबंध आहे. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आम्ही सांगत असतो. उशीर झाला की वजन घटते ते त्या शेतकऱ्याचे, साखर उतारा घटतो तो सर्वांचा, आणि तोडणीची टोळी फडात बसून राहते ती वेगळीच. वाहतुकीचा खर्च अखेर आपल्याच उसाच्या पैशातून जातो.

म्हणून आमची मागणी आहे की, हंगामापूर्वी वाहनांचे करार होतात त्याच वेळी टर्बो बसवलेल्या प्रत्येक ट्रकचा आणि ट्रॅक्टरचा ब्रीदर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये पाण्याच्या नळीने तपासावा. खर्च एका नळीचा, वेळ पंधरा-वीस मिनिटांचा. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय जरूर मांडावा.