निर्यातीचं बंधन आणि सरकारचा शब्द

गेले दोन शनिवार-रविवार मी चक्क कोर्टाचे निकाल वाचत बसलोय. आमचा धंदा सॉफ्टवेअरचा, पण विषय आमच्या बुलढाणा जिल्ह्याला जवळचा आहे.

समजा, खामगावच्या एका जिनिंगवाल्याने ईपीसीजी योजनेत परदेशी मशीन आणलं आणि 10 लाखांची ड्युटी वाचवली. मग 6 वर्षांत त्याच्या 6 पट, म्हणजे 60 लाखांची निर्यात करून दाखवायची. नाही जमलं तर ड्युटी भरा, वर व्याज. सौदा चोख आहे, तक्रार नाही. पण 5 मार्च 2012ला सरकारनेच कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली, तसं मध्येच झालं तर? (बंदीचे दिवस मुदतीत वाढवून मिळतात, पण गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.)

अशा वेळी कोर्ट काय करतं? अमृतसरच्या अँग्लो-अफगाण एजन्सीजने सुमारे 5 लाखांचा लोकरी माल अफगाणिस्तानला पाठवला. योजनेप्रमाणे तेवढ्याच रकमेचा आयात परवाना मिळायला हवा होता. मुंबईच्या टेक्स्टाइल कमिशनरने दिला 2 लाखांच्याही आतला! 1967 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, शब्दावर विसंबून माणसाने माल पाठवल्यावर सरकारला मनमानीने मागे फिरता येणार नाही.

2015च्या कनक एक्स्पोर्ट्स निकालाचा सूर असा, की सवलत पुढच्यासाठी बंद करा, मागच्या तारखेपासून नाही. आम्हा प्रोग्रामर लोकांना हे लगेच पटतं. नवं व्हर्जन खुशाल काढा, पण जुन्यावर झालेलं काम रद्द करू नका.

आता दुसरी बाजू बघा. आधी कच्चा माल आयात करा, मगच त्यातून बनवलेला माल निर्यात करा, तरच आयजीएसटी माफ, अशी अट ऑक्टोबर 2017मध्ये आली आणि जानेवारी 2019मध्ये गेली. गुजरात हायकोर्टाने ती रद्द ठरवली होती. एप्रिल 2023मध्ये कॉस्मो फिल्म्स प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ती वैध ठरवली. अट गैरसोयीची आहे, एवढ्यावर कोर्ट धोरण बदलत नाही. आणि ते बरोबरच आहे, धोरण ठरवणं हे कोर्टाचं कामच नव्हे.

म्हणूनच मला वाटतं, सगळा भरवसा कोर्टावर ठेवून चालणार नाही. चालू परवान्याला शेवटपर्यंत जुनाच नियम लागू राहील, हे योजनेतच लिहून टाका. नकार द्यायचा तर ठरल्या मुदतीत, लेखी, कारणांसह द्या. मोठ्या कंपनीला दिल्लीपर्यंत भांडणं परवडतं. आपल्या जिनिंगवाल्याला नागपूर खंडपीठाच्या चार तारखासुद्धा जड जातात हो.

तुम्हाला काय वाटतं?